माग थांबतो ते पाच सेकंद

गाणं साडेचार मिनिटांचं. तीन मिनिटं उलटली की सगळी वाद्यं एकदम थांबतात, आठ मात्रा काहीच वाजत नाही, आणि मग ड्रमच्या एका ठोक्यावर शेवटचा अंतरा सुरू होतो. लय मिनिटाला 96 मात्रांची, म्हणजे आठ मात्रांचे बरोबर पाच सेकंद. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर 125 चित्रं. बाकीच्या गाण्यात काय दाखवायचं यावर वाद झाले तरी ते चहासोबत मिटले. या 125 चित्रांनी मात्र आम्हाला छळलं.

मी बेळगावात लग्नाचे व्हिडिओ करतो. शहापुरात छोटं ऑफिस आहे, सीझनला दोन पोरं हाताखाली असतात. बँडचा व्हिडिओ कधी केला नव्हता. पण टिळकवाडीत एका घराच्या गच्चीवरच्या खोलीत सराव करणाऱ्या या पाच जणांना मी ओळखत होतो, कारण त्यांच्या कीबोर्डवाल्याच्या बहिणीचं लग्न मीच शूट केलं होतं. त्यांनी फोन केला, "दादा, आमचं एक गाणं झालंय, व्हिडिओ करायचाय, पैसे कमी आहेत." शेवटचं वाक्य सगळेच म्हणतात. मी गाणं पाठवा म्हटलं.

गाणं बेसवाल्याच्या घरचं. म्हणजे लिहिलं गिटारवाल्याने, पण गोष्ट बेसवाल्याची. हा पोरगा वडगावचा. वडगाव, खासबाग, शहापूर हा पट्टा विणकरांचा. संध्याकाळी त्या गल्ल्यांतून गाडी घातली की दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांची खटखट ऐकू येते. याच्या घरी पुढच्या खोलीत माग आणि मागच्या खोलीत झोपायचं. लहानपणी त्याला त्या खटखटीतच झोप लागायची. जाग यायची ती करंट जाऊन माग बंद पडले की. आवाजाने झोप आणि शांततेने जाग, एवढंच गाणं आहे. दोन अंतरे मराठीत, तिसरा कन्नडमध्ये, कारण वडगावच्या घरात तसंच बोलतात. गाण्यात माग हा शब्द दोनच वेळा येतो. करंट, वडील, साडी, गरिबी यातलं काहीही नाही. मला ते आवडलं. आणि अर्थातच व्हिडिओसाठी जमलेल्या सगळ्यांना नेमकं तेच सगळं दाखवायचं होतं.

पहिल्या बैठकीत गिटारवाल्याने वही काढली. एका बाजूला ओळ, दुसऱ्या बाजूला चित्र. "झोप लागे" आलं की झोपलेलं पोर. "माग चाले" आलं की माग. "चंद्र खिडकीत" आलं की खिडकी आणि तिच्यात चंद्र. पुढे करंट जातो तेव्हा अंधार, बाप मेणबत्ती लावतो, आई पोराला थोपटते. बापाच्या कामासाठी एका नाटकवाल्या काकांना विचारूनही झालं होतं. ड्रमरला हे पटत नव्हतं. त्याचं म्हणणं, बँड आहे तर बँड दिसला पाहिजे: राजहंसगडावर सूर्यास्ताच्या वेळी वाजवूया, वरून ड्रोन फिरवूया. बेळगावात कुठलाही व्हिडिओ करायचा म्हटला की राजहंसगड येतो, नाहीतर गोकाकचा धबधबा, नाहीतर किल्ल्यातलं कमलबस्तीचं जैन मंदिर. माझ्या प्री-वेडिंगच्या निम्म्या जोडप्यांनी त्या तिन्ही ठिकाणी हात पसरून गोल फिरून घेतलंय. ड्रोनचं म्हणाल तर इकडे कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर, तिकडे सांबऱ्याला विमानतळ, त्यामुळे ड्रोन उडवण्याआधी नकाशावरचे लाल-पिवळे पट्टे बघावे लागतात. पण माझा आक्षेप परवानगीचा नव्हता. मागावरच्या गाण्यात गडाचं काय काम?

गायिका एवढंच म्हणाली, "मी गातेय, मग गोष्टीत दुसरी बाई कशाला थोपटायला?" ती एका शाळेत शिकवते आणि तिचं एक वाक्य दुसऱ्यांच्या पाच वाक्यांना पुरतं.

लग्नाच्या व्हिडिओत शब्दाला शब्द चित्र लावणं हा आमचा रोजचा धंदा आहे. गाण्यात "नजर" आलं की नवरीचे डोळे, "पाऊल" आलं की माप ओलांडणारा पाय. लोकांना आवडतं, कारण ते गाणं त्यांचं नसतंच, कुठल्यातरी सिनेमाचं असतं. चित्र लावून ते आपलं करून घ्यायचं असतं. बँडचं उलट आहे. गाणं त्यांचंच आहे. शब्द जे सांगतायत तेच चित्राने पुन्हा सांगितलं तर ऐकणाऱ्याच्या डोक्यात जो माग उभा राहिला असता तो आपण मारला. मी हे बैठकीत बोललो तेव्हा गिटारवाला जरा दुखावला. मग म्हणाला, "बरं, मग दाखवायचं काय ते तुम्ही सांगा."

सांगता येईना. म्हणून मी घरी बसून व्हिडिओ बघायला लागलो. गाण्याचे नव्हे, बँडचे. दोन गोष्टी शोधत होतो: बँड दिसतो कसा, आणि गाण्याचा अर्थ चित्रात येतो कुठून.

या प्रकाराची सुरुवात सोयीतून झाली आहे. 1966च्या सुमाराला बीटल्सना प्रत्येक टीव्ही स्टेशनवर स्वतः जाऊन गाणं जमेना, म्हणून त्यांनी फिल्म करून पाठवायला सुरुवात केली. 1975 साली क्वीनचे चौघे दौऱ्यावर असताना टीव्हीच्या कार्यक्रमात ओठ हलवत उभं राहायला नको म्हणून त्यांनी "बोहेमियन ऱ्हॅप्सडी"चा व्हिडिओ काही तासांत उरकला. अंधारातून वर आलेले ते चार चेहरे त्यांच्याच आधीच्या एका अल्बमच्या मुखपृष्ठावरून उचललेले आहेत. 1 ऑगस्ट 1981 ला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि मग सोयीचा धंदा झाला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात केबलवर हे सगळं आलं तेव्हा आम्ही शाळेत. आपल्या इंडीपॉपमध्ये तेव्हा गोष्ट पाहिजेच असायची: 1995च्या "मेड इन इंडिया"त अलिशा चिनॉय स्वयंवर मांडून बसली होती आणि शेवटी पेटीतून मिलिंद सोमण निघाला होता. गिटारवाल्याची वही तिकडून आलेली, हे माझ्या लक्षात आलं. आमच्या सगळ्यांच्याच डोक्यात ती वही आहे.

उपयोगी पडले ते तीन व्हिडिओ. एक, ओके गो या बँडचा 2006चा: आठ ट्रेडमिलवर चौघं जण एका सलग शॉटमध्ये नाचतात. हातात एकही वाद्य नाही, तरी चौघांपैकी एक जरी चुकला तरी सगळे पडणार हे कळतं, म्हणून तो बँडच वाटतो. दुसरा, द रिप्लेसमेंट्सचा ऐंशीच्या दशकातला. त्यात बँड नाहीच. जवळजवळ सगळा वेळ एक स्पीकर दिसतो आणि कॅमेरा हळूहळू मागे येतो. मला दाखवून घ्यायचं नाही, हे दाखवणं. आणि तिसरा रेडिओहेडचा 1995चा, "जस्ट". एक माणूस फुटपाथवर आडवा पडतो, लोक जमतात, का पडलास म्हणून विचारतात. संवाद खाली अक्षरांत येतात. शेवटी तो कारण सांगतो, आणि नेमकी तिथे अक्षरं येत नाहीत. मग जमलेले सगळेच आडवे पडतात. बँड या वेळात वरच्या मजल्यावर वाजवतोय आणि खिडकीतून खाली बघतोय. हा मी पुन्हा पुन्हा पाहिला. गाणं काय म्हणतंय त्याची फोड करून न देता ते बघणाऱ्याच्या मागे लावून द्यायचं, आणि बँडला गोष्टीत न घालता गोष्टीच्या खिडकीत उभं करायचं. मला जे पाहिजे होतं त्याच्या हे जवळ जात होतं.

दुसऱ्या बैठकीत मी दोन जागा सांगितल्या: त्यांची गच्चीवरची खोली आणि वडगावातली मागाची शेड. अभिनय कोणी करायचा नाही. नाटकवाल्या काकांना नकार कळवायचा. ड्रमरचा गड गेला म्हणून तो थोडा वेळ गप्प होता, पण स्वतः भरपूर दिसणार हे कळल्यावर खुलला.

बेसवाल्याच्या घरचे माग आता नाहीत, विकले. शेड मिळाली ती त्याच्या ओळखीच्या एका अण्णांची. सहा माग, पत्र्याचं छप्पर, भिंतीला बसवण्णांची तसबीर आणि तिच्या शेजारी जुनं कॅलेंडर. अण्णा घरात कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि आमच्याशी दोन्ही. त्यांना पहिला प्रश्न पडला तो बरोबरच होता: "माग बंद ठेवून काय शूटिंग करणार? आणि चालू ठेवला तर गाणं काय ऐकू येणार?"

हीच खरी अडचण. अशा व्हिडिओत कोणी खरं गात-वाजवत नाही. गाणं स्पीकरवर लावायचं, त्याला प्लेबॅक म्हणतात, आणि त्यावर ओठ आणि हात जुळवायचे. कॅमेऱ्याच्या माइकवर तेच गाणं रेकॉर्ड होतं, नंतर एडिटमध्ये दोन्हीच्या आवाजाच्या लाटा जुळवायच्या. खोलीत हे सोपं गेलं. ड्रमरने ड्रमवर जुन्या चादरीचे तुकडे आणि झांजांना खालून चिकटपट्टी लावली, कारण तो खरंच मारतो आणि त्याच्या आवाजात प्लेबॅक बुडतो. एकच गडबड होती: पुढे वायरचा स्पीकर, मागे ड्रमरजवळ ब्लूटूथचा. ब्लूटूथचा आवाज किंचित मागून येतो. कानाला फारसं कळत नाही, पण पडद्यावर गायिका बरोबर आणि ड्रमर तीन-चार फ्रेम उशिरा, असं दिसायला लागलं. दोन्हीकडे वायर ओढली आणि प्रश्न संपला.

शेडमध्ये सहा माग चालू असताना मात्र कानाला तोंड लावून बोललं तरी ऐकू येत नाही. तिथली माणसं हाताच्या खुणांनी बोलतात. म्हणून ठरवलं: माग चालू असताना फक्त मागाचे शॉट, आणि बँड तिथे उभा राहील तेव्हा माग बंद. जितका वेळ माग बंद तितकं कापड कमी, आणि कापड कमी म्हणजे अण्णांच्या माणसांची मजुरी कमी. त्या न विणलेल्या कापडाचे पैसे आम्ही बजेटमध्ये पहिले धरले. बँडच्या कपड्यांवर त्याहून कमी गेले.

मागाचं शूटिंग हा या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. लांबून सगळा आवाज एक वाटतो. जवळ गेलं की वेगळा वेगळा कळतो: आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा एका टोकाला आपटतो तो एक, फणी कापडावर येऊन बसते तो दुसरा, आणि पट्ट्याची सळसळ या दोन्हींच्या खाली. धोटा डोळ्याला दिसतच नाही. सुताच्या दोन थरांमधून काहीतरी गेलं एवढं कळतं. कॅमेऱ्याचं शटर 50वर, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं तर पडद्यावरही फक्त एक पांढुरकी रेघ येते. शटर 1000वर नेलं तर धोटा हवेत गोठल्यासारखा स्वच्छ दिसतो, टोकाचा धातूचा भाग आणि आतली सुताची कांडीसुद्धा. पण मग ट्यूबलाइटच्या उजेडाचे काळे पट्टे चित्रात फिरायला लागतात, कारण आपल्याकडचा करंट 50 हर्ट्झचा आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. माझ्याकडचा दिवा लावला तर पट्टे गेले, पण शेड शोरूमसारखी दिसू लागली. शेवटी मी रेघच ठेवली. ज्या पोराने झोपेतून हे पाहिलं त्याला रेघच दिसली असणार.

तूस उडत असतो तो वेगळाच. हवेत बारीक कापूस, थोड्या वेळाने लेन्सवर, दिव्यावर, भुवयांवर. लेन्स पुसायचं फडकं खिशात ठेवून उपयोग नाही, हातातच लागतं. पण खिडकीतून तिरपा उजेड आला की तोच तूस दिसायला लागतो, आणि असला उजेड लग्नाच्या हॉलमध्ये धुराचं मशीन लावून आणावा लागतो. अण्णांनी दोनदा मला मागे ओढलं. पट्ट्याजवळ गळ्यातली कॅमेऱ्याची पट्टी लोंबत होती. "तुझा फोटो चांगला येईल बघ, पण तसबिरीत," म्हणाले.

मग बँड आत आला. सहा मागांच्या मधल्या वाटेत पाच जण आणि ड्रमचा अर्धा संच. इथे एक शॉट संथ गतीचा पाहिजे होता, पण ओठ गाण्याला जुळलेले. त्याची युक्ती जुनी आहे: कॅमेरा सेकंदाला 50 फ्रेम घेतो आणि गाणं दुप्पट वेगाने लावायचं. नंतर चित्र निम्म्या वेगाने चालवलं की ओठ मूळ गाण्यावर बसतात आणि बाकी सगळं, केस, तूस, ओढणी, तरंगत राहतं. पडद्यावर फार गंभीर दिसतं. करताना मात्र गाणं उंदरांनी गायल्यासारखं किरकिरत असतं आणि गायिका 192च्या लयीत ओठ हलवत असते. अण्णांची माणसं बाजूला बसून हसून लाल झाली. एक जण दर वेळी प्लेबॅक संपला की "साकरी, साकरी" म्हणजे पुरे, पुरे करायचा. गायिका न हसता करत राहिली. वर्गात चाळीस पोरांसमोर रोज उभं राहणारीला हे काहीच नसावं.

आणि ते पाच सेकंद.

खोलीतल्या शूटिंगच्या वेळी मी निरनिराळं करून पाहिलं होतं. दिवा घालवला. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले. गायिकेचा एकटीचा चेहरा. सगळं बरं होतं आणि सगळं ठरवलेलं दिसत होतं. गाण्यातली शांतता खरी, चित्रातली लावलेली.

प्लेबॅकच्या ट्रॅकमध्ये त्या आठ मात्रांत बारीक टकटक भरलेली असते. ती नसेल तर वाजवणाऱ्यांना परत कधी सुरू करायचं ते कळणार नाही. त्या टकटकीमुळे पाचही जण निर्धास्त होते. गाणं थांबलंय हे त्यांच्या चेहऱ्यावर येत नव्हतं, कारण त्यांच्यासाठी ते थांबलंच नव्हतं. शेडमधल्या शेवटच्या टेकच्या आधी मी लॅपटॉपवर ती टकटक काढून टाकली आणि कोणाला सांगितलं नाही. कॅमेरे दोन. एक समोरून सगळ्यांवर, दुसरा माझ्या हातात.

वाद्यं थांबली, स्पीकर गप्प झाला. पहिल्या सेकंदात काही नाही. मग एकदम सगळ्यांना कळलं. गायिकेने मान वळवून ड्रमरकडे पाहिलं, गिटारवाल्याने पाहिलं, कीबोर्डवाल्याची बोटं पट्ट्यांच्या वर तशीच. ड्रमरचं कोणाकडेच लक्ष नव्हतं. त्याची टाच जमिनीवर आपटत होती, तो मोजत होता. चार जणांची सगळी मदार त्या टाचेवर. बेसवाला मात्र ड्रमरकडे बघत नव्हता. तो शेडच्या दाराकडे बघत होता. मग ड्रमरने काठी मारली, गाण्यावर बरोबर, आणि सगळे एकदम आत आले.

नंतर मला शिव्या पडल्या, त्या पडायच्याच होत्या. अण्णांनी विचारलं, "झालं ना? माग चालू करू?" बेसवाल्याला मी संध्याकाळी विचारलं, दाराकडे काय होतं. म्हणाला, "काही नाही हो. करंट गेला की बाबा बाहेर येऊन उभे राहायचे." एवढंच बोलून तो वायरी गुंडाळायला लागला. हे गाण्यात नाही. मीही व्हिडिओत कुठे समजावलेलं नाही. पण बघणारा त्या क्षणी दाराकडे बघतो, हे मी वेगवेगळ्या लोकांना दाखवून पाहिलं आहे.

एडिटचं फार सांगत नाही, ते रात्री एकट्याने करायचं काम असतं. एक नियम पाळला: ओळीत माग आला की पडद्यावर माग येणार नाही. झोपेच्या ओळीवर माग, मागाच्या ओळीवर गायिकेचा चेहरा किंवा नुसती भिंत. कटही ठोक्यावर मारले नाहीत. प्रत्येक ठोक्यावर चित्र बदललं की पहिल्या मिनिटात भारी वाटतं आणि दुसऱ्या मिनिटात डोळा आधीच ओळखतो. दोन-तीन फ्रेम आधी कट घेतला तर ठोका चित्राच्या आत पडतो आणि तो जास्त जोरात ऐकू येतो. करून बघा. गाणं सुरू होण्याआधी काही सेकंद खऱ्या मागाचा आवाज ठेवला आणि त्याच लयीत गाणं सुरू केलं. त्या पाच सेकंदांसाठी काळा पडदा मी एडिटमध्येही लावून पाहिला होता. गायिकेने फोनवर पाहून कळवलं, "नेट गेलं वाटलं, मी बंद केलं." मोबाइलवर काळोख आणि शांतता एकत्र आली की माणूस व्हिडिओ अडकला असंच समजतो. थिएटरातली युक्ती इथे चालत नाही.

पहिली कॉपी पाठवली तेव्हा अपेक्षित भांडण झालं. गिटारवाल्याने स्वतःचे सेकंद मोजले होते, आणि ते गायिकेच्या एक-चतुर्थांशही नव्हते. यात त्याचं सगळंच खोटं नाही. गाणारं तोंड दिसलं की कॅमेरा तिकडेच ओढला जातो, आणि कुठल्याही बँडचा व्हिडिओ हळूहळू गायकाचा होतो; बेसवाले तर बिचारे जन्मभर कोणाच्यातरी खांद्यामागे. मी त्याचे शॉट वाढवले नाहीत. एकट्याचे शॉट कमी केले आणि दोघं-तिघं एकत्र दिसतात ते वाढवले: तो कॉर्ड बदलताना कीबोर्डवाल्याकडे बघतो, ड्रमर हसतो, असं. सेकंद तेवढेच, पण आता तो बँडमध्ये होता. त्याने पुन्हा मोजले की नाही माहीत नाही.

खरी पंचाईत रीलची. उभ्या चौकटीसाठी आडवं चित्र कापलं की मधला एक माणूस उरतो. पाच जणांचा बँड फोनवर एका बाईचा होतो. मी ते पाच सेकंद उभ्या चौकटीत बसवायचा प्रयत्न केला. ड्रमर ठेवला तर त्याच्याकडे बघणारे चौकटीबाहेर जातात, बघणारे ठेवले तर ते कोणाकडे बघतायत ते कळत नाही. शेवटी आडवंच ठेवलं, वर-खाली काळ्या पट्ट्या. ज्याला पाहिजे तो फोन आडवा करेल. ड्रमर म्हणाला, "व्ह्यूज कमी होतील." झाले असतील.

टाकायचा कधी यावरही बोलणं झालं. कोणीतरी ऑक्टोबरअखेर म्हणालं आणि बाकी चौघांनी एकदम नको म्हटलं. 1 नोव्हेंबरला इथे एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी. दोन भाषांतलं गाणं त्या आठवड्यात टाकलं तर मागाबद्दल कोणी बोलणार नाही. दिवाळी गेल्यावर टाकला.

अण्णांना दाखवायला आम्ही शेडवरच गेलो. माग चालू होते, त्यांनी बंद केले नाहीत, आम्हीही म्हटलं नाही. त्यांनी डोळ्यांपासून हातभर अंतरावर फोन धरला आणि पूर्ण बघितला. त्या गदारोळात गाण्याचा एक सूरही त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिसरं मिनिट संपलं, तिघांनी ड्रमरकडे माना वळवल्या, आणि अण्णांनी माझ्याकडे बघून हाताने खूण केली: मूठ आडवी फिरवून उघडली. त्यांच्याकडे माग बंद पडला की करतात ती.

संपल्यावर त्यांनी फोन बेसवाल्याला परत दिला, मला दाराबाहेर बोलावलं आणि म्हणाले, "सुरुवातीला मागावर हिरवा ताणा होता. तुमची पोरं आत आली तेव्हा तांबडा. एका गाण्यात साडी बदलली होय?"

मधे बीम, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ, बदलला होता, आणि मला ते माहीत होतं. कोणी पकडणार नाही असं धरून मी रंग थोडा उतरवून टाकला होता. "बघणाऱ्याला नाही कळत हो," मी म्हटलं.

"वडगावात दाखव की," अण्णा म्हणाले.